संत्र्याच्या बहराचा वास आणि पुड्यावरील नाव

माघ सरत आला म्हणजे पांढुर्ण्याहून सौंसरकडे जाणाऱ्या रस्त्याने प्रवास करण्यासारखे दुसरे सुख नाही. आंबिया बहर फुटलेला असतो. दोन्ही बाजूंच्या बागांतून पांढऱ्या फुलांचा असा वास सुटतो की, ज्वारीच्या भावाची चिंता करीत निघालेला आमच्यासारखा ठोक व्यापारीही घटकाभर ती चिंता विसरतो. हा वास कशाचा, असा प्रश्न साठ वर्षांत आमच्या मनात कधी आला नाही. तो यावयास एक टोपलीभर सुकलेली फुले कारण झाली.

आपल्या संघाच्या स्मरणिकेसाठी आम्ही दरवर्षी धान्याच्या आवक-जावकेविषयी चार शब्द लिहीत असतो. यंदा त्या टोपलीची हकीकत व तिच्या निमित्ताने जे शिकलो ते लिहावे, असे योजिले आहे. चूक आमच्याच घरची असल्याने सांगण्यास संकोच वाटतो. परंतु धंद्यातील चूक धंद्यातील बंधूंपुढे मांडली तरच तिचा काही उपयोग होतो.

टोपलीची हकीकत

तीन वर्षांपूर्वी आमच्या पुतण्याने मागच्या वखारीत उदबत्तीचा लहानसा धंदा सुरू केला. कोऱ्या काड्या बाहेरून आणावयाच्या, सुगंधी द्रव्य डी. ई. पी. नावाच्या पातळ द्रवात मिसळावयाचे, काड्या त्यात बुडवून सुकवावयाच्या आणि पुडे बांधावयाचे, असे त्याचे स्वरूप. अनेक वासांपैकी एक वास फार चालला. त्यास त्याने ‘संत्रा-बहर’ असे नाव दिले, पुड्यावर संत्र्याच्या फांदीचे चित्र घातले आणि त्याखाली छापले : ‘पांढुर्ण्याच्या संत्रा-फुलांच्या अर्कापासून’. मजकूर छापखान्यात जाण्यापूर्वी त्याने तो आम्हांस दाखविला होता. आम्ही वाचला, चित्र सुबक आहे असे म्हटले आणि पुन्हा तुरीच्या पोत्यांकडे वळलो. पुढे जे घडले त्यात अर्धा दोष आमचा, तो या कारणाने.

पुढल्या फाल्गुनाच्या आरंभी सौंसर तालुक्यातील एक बागायतदार दुकानी आले. त्यांची तूर आमच्याकडे येते, वीस वर्षांचा घरोबा आहे. हातात टोपली होती, टोपलीवर ओले फडके होते. फडके बाजूला करून ते म्हणाले, “शेटजी, तुमच्या पुड्यावर वाचलं. आमच्या बागेत तं फुलांचा सडा पडते. शंभरातले चार-दोन धरते, बाकीचे मातीतच जाते. काय भावानं घेता, सांगा.”

आम्ही पुतण्याकडे पाहिले आणि पुतण्याने जमिनीकडे पाहिले. फुले वाटेतच तपकिरी पडली होती, तरी वास शिल्लक होता. त्यांस चहा पाजला, चौकशी करून कळवितो असे मोघम उत्तर दिले. ते निघून गेल्यावर पुतण्यास विचारले, “अर्क कोठून येतो?” तो म्हणाला, “काका, अर्क कसला? बाटली येते.” चाळीस वर्षांच्या व्यापारात आमच्या काट्यास कोणी बोट लावलेले नाही. त्या दिवशी मात्र माल विकावयास आलेल्या एका भल्या माणसासमोर आमच्याजवळ उत्तर नव्हते.

बाटलीत काय होते?

आमच्या धाकट्या कन्येने नागपूर येथे रसायनशास्त्रात एम. एस्सी. केले आहे. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेलो. नीळ, तुरटी व धुण्याचा सोडा यांपलीकडे आमचे रसायनशास्त्र जात नाही. ती सुट्टीत आली तेव्हा बाटली तिच्यापुढे ठेविली. बाटलीवर नाव स्वच्छ लिहिलेले होते : मिथाइल अँथ्रानिलेट. पुरविणाऱ्याने काहीच लपविले नव्हते. खोटे होते ते आम्ही छापलेल्या पुड्यावर.

कन्येने जे समजावून सांगितले ते आमच्या भाषेत असे. आम्ल आणि अल्कोहोल यांचा संयोग होऊन त्यातून पाण्याचा एक रेणू निघून गेला म्हणजे जे संयुग उरते त्यास एस्टर म्हणतात. पुष्कळशा फळाफुलांचे वास एस्टरांचेच असतात. पिकलेल्या केळ्याचा वास एका एस्टराचा. अंग दुखताना चोळावयाच्या मलमाचा तो उग्र-गोड वास मिथाइल सॅलिसिलेट नावाच्या दुसऱ्या एस्टराचा. पुतण्या ज्या डी. ई. पी. मध्ये सुगंध मिसळतो तो डायइथाइल थॅलेट हाही एस्टरच. आमच्या बाटलीतील एस्टर अँथ्रानिलिक आम्ल व मिथाइल अल्कोहोल यांपासून झालेला. त्याच्या एका रेणूत कार्बनचे ८, हायड्रोजनचे ९, नायट्रोजनचा १ आणि ऑक्सिजनचे २ अणू असतात. कार्बनच्या आठांपैकी सहा अणू कडे करून बसलेले असतात. अशा कड्याच्या संयुगांस रसायनशास्त्रात ‘ॲरोमॅटिक’ म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ सुवासिक असा असला तरी आता तो कड्याची खूण म्हणून वापरतात. डांबराच्या गोळीतील नॅप्थलीनही ॲरोमॅटिकच असते. आमचा एस्टर मात्र दोन्ही अर्थांनी त्या नावास पात्र आहे.

त्याचे गुणधर्म व्यापाऱ्याने लक्षात ठेवण्याजोगे आहेत. तो पाण्याहून जड, म्हणजे सुमारे १.१७ पट घनतेचा. पाण्यात फारच थोडा विरघळतो, मद्यार्कात सहज विरघळतो. २५६ अंश सेल्सियसच्या सुमारास उकळतो. प्रकाशात धरला असता त्यात निळसर-जांभळी झाक दिसते. आणि तो सुमारे २४ अंशांस गोठतो. या शेवटच्या गुणाने आमची एकदा फजिती झाली होती. पौषातील एका सकाळी पुतण्यास बाटलीत खडे जमलेले दिसले. माल भेसळीचा आहे असे समजून त्याने पुरविणाऱ्यास तिखट पत्र लिहिले व आम्ही त्यावर सहीही केली. कन्या हे ऐकून हसली. “बाबा, थंडीत खोबरेल गोठते तेव्हा तुम्ही तेल्याला पत्र लिहिता का? हे जवळजवळ तेवढ्याच थंडीला गोठते. बाटली कोमट पाण्यात ठेवा.” ठेविली, आणि तासाभरात सारे पातळ झाले. पुरविणाऱ्याची माफी मागावी लागली.

फुलातला आणि कारखान्यातला

आम्ही विचारले, “मग हा वास फुलाचा नव्हेच काय?” तिचे उत्तर असे की, फुलाचाही आहे. कडू नारिंगाच्या फुलांपासून ऊर्ध्वपातनाने जे तेल काढतात त्यास युरोपात नेरोली म्हणतात. ट्युनिशिया, मोरोक्को, इजिप्त या देशांत तो मोठा व्यवसाय आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मन रसायनतज्ञांस त्या तेलात हाच एस्टर सापडला. चमेली आणि निशिगंध यांच्या सुगंधातही तो असतो. अमेरिकेतील काँकर्ड जातीच्या काळ्या द्राक्षांचा विशिष्ट वास बहुतांशी त्याचाच, म्हणूनच द्राक्षाच्या स्वादाच्या जांभळ्या गोळ्यांत व सरबतांत तो घालतात. मँडरिन जातीच्या संत्र्यांत, ज्या कुळातील आपले नागपुरी संत्रे आहे, त्याचे एक सख्खे भावंड आढळते. त्यात एक मिथाइल गट अधिक असतो व मँडरिनच्या सालीच्या वासात त्याचा वाटा असतो.

मग आमच्यातील व्यापारी जागा झाला आणि आम्ही हिशेब मांडला. नेरोलीचे एक किलो तेल निघावयास सुमारे एक टन फुले लागतात. त्या तेलात लिनालूल आदी इतर घटकच फार. हा एस्टर शेकडा एकाहूनही कमी. म्हणजे एक हजार किलो फुलांमागे आमचे द्रव्य दहा ग्रॅमदेखील नाही. जुन्या मापाने एक तोळाही भरत नाही! बागायतदाराच्या टोपलीत पाच किलो फुले धरली तर गुंजभरही हाती यावयाचे नाही. बाटली इतकी स्वस्त का, याचे उत्तर या हिशेबात मिळाले.

कारखान्यातील वाट निराळी. खनिज तेलापासून ऑर्थो-झायलीन, त्यापासून थॅलिक ॲनहायड्राइड, त्यावर अमोनिया व नंतर हायपोक्लोराइट यांची क्रिया करून अँथ्रानिलिक आम्ल आणि शेवटी मिथाइल अल्कोहोलशी संयोग करून एस्टर. आयसेटोइक ॲनहायड्राइडवर मिथाइल अल्कोहोलची क्रिया करूनही तो मिळतो, त्या वेळी कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. दोन्ही वाटांनी आलेला रेणू एकच. नाकास फरक कळणार नाही. तथापि प्रयोगशाळेस तो कळू शकतो. चालू काळात वाढलेल्या झाडाच्या कार्बनात किरणोत्सर्गी कार्बन-१४ चा सूक्ष्म अंश असतो. कोट्यवधी वर्षे जमिनीत राहिलेल्या खनिज तेलातील तो केव्हाच संपलेला असतो. पुड्यावर काहीही छापा, रेणू आपले जन्मस्थान सोबत बाळगतो.

निळीचे घराणे

या एस्टराच्या आम्लाचे नाव ऐकून आम्ही अडखळलो होतो. कन्येने त्याची फोड केली : ‘अँथ्र’ म्हणजे कोळसा व ‘अनिल’ म्हणजे नीळ. पोर्तुगीज भाषेतील हा ‘अनिल’ अरबी ‘अन्-नील’ वरून आणि तो आपल्या संस्कृत ‘नील’ शब्दावरून गेलेला. १८४१ च्या सुमारास फ्रिट्श नावाच्या रसायनतज्ञाने नीळ दाहक पोटॅशबरोबर तापविली तेव्हा हे आम्ल प्रथम मिळाले. म्हणजे भारताच्या शेतातून गेलेल्या नावाने युरोपातील प्रयोगशाळेत जन्म घेतला.

पुढे गोष्ट उलटली. निळीपासून आम्ल मिळते, तर आम्लापासून नीळ का होणार नाही? बायर या जर्मन शास्त्रज्ञाने १८८३ पर्यंत निळीची रचना उलगडली व १९०५ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. हॉयमान यांनी १८९० मध्ये अँथ्रानिलिक आम्लापासून नीळ बनविण्याची कृती दाखविली. त्या आम्लासाठी लागणारा कच्चा माल म्हणजे डांबरातील नॅप्थलीन, ज्याच्या गोळ्या आपण कपड्यांच्या पेटीत टाकतो. नॅप्थलीनचे रूपांतर लवकर होईना. तेव्हा एका प्रयोगात तापमापक फुटून पारा आत सांडला आणि क्रिया झपाट्याने झाली, अशी हकीकत सांगतात. १८९७ मध्ये बी. ए. एस. एफ. या जर्मन कंपनीने कारखान्यातील नीळ बाजारात आणली. त्यानंतर दोन दशकांच्या आत हिंदुस्थानातील लाखो एकरांची निळीची लागवड ढासळली. पहिल्या महायुद्धात जर्मन माल बंद झाल्याने तिने थोडे डोके वर काढले, तेवढेच.

त्या पडझडीत सर्वांत अधिक कोण भरडले गेले हे आपल्या वाचकांस ठाऊक आहे. चंपारणात वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत नीळ लावण्याची सक्ती होती. कृत्रिम निळीपुढे निळीस भाव राहीना, तेव्हा मळेवाल्यांनी कुळांस त्या सक्तीतून मोकळे करण्याच्या बदल्यात वाढीव खंड मागितला. १९१७ साली महात्मा गांधी तेथे गेले ते या कारणाने. अशा रीतीने एका आम्लाच्या कृतीचा धक्का गंडकीकाठच्या कुळांच्या चुलीपर्यंत पोहोचला.

परंतु हकीकत तेथे संपत नाही. आज तमिळनाडूत तिंडीवनमच्या परिसरात नैसर्गिक निळीची शेती पुन्हा होते. रेणूच्या दृष्टीने झाडाची व कारखान्याची नीळ एकच. तरीही ती झाडापासून आली आहे म्हणूनच काही गिऱ्हाईक तिला अधिक दाम मोजते. त्या अधिक दामाचा सारा आधार एका शब्दावर आहे. कारखान्याच्या निळीवर कोणी ‘नैसर्गिक’ असे छापू लागला तर पहिला फटका गिऱ्हाइकास बसेल आणि दुसरा शेतकऱ्यास, आणि दुसराच अधिक खोल असेल. हे ऐकताना टोपली पुन्हा आमच्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

इतर उपयोग

कारखान्यातून आलेल्या या द्रव्यास आम्ही कमी लेखीत नाही. त्याचे उपयोग अनेक आहेत. सुगंधाच्या धंद्यात त्याचा संयोग हायड्रॉक्सिसिट्रोनेलाल नावाच्या द्रव्याशी करून ऑरँटिऑल तयार करतात. ते घट्ट, पिवळे असते, संत्र्याच्या फुलांचा त्याचा वास फार काळ टिकतो. मात्र अशी संयुगे साबणास पिवळे करतात, म्हणून पांढऱ्या साबणाच्या कारखानदाराने ती जपून वापरावीत. उदबत्ती मुळातच काळसर असल्याने तिला ती भीती नाही.

किराणा व्यापाऱ्यांस साखरिन ठाऊक आहे. ते १८७९ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रेम्सन व फालबर्ग यांच्या कामातून निघाले, साखरेच्या सुमारे तीनशे पटीहून अधिक गोड. आरंभी ते टोल्युइनपासून करीत. १९५० च्या सुमारास अमेरिकेतील मॉमी कंपनीने जी कृती आणली तिचा आरंभ आमच्या या एस्टरापासून होतो. पुढे त्यावर नायट्रस आम्ल, सल्फर डायऑक्साइड, क्लोरीन व अमोनिया यांच्या क्रिया होतात. मुलांच्या तापावर व वेदनेवर देतात ते मेफेनॅमिक आम्ल अँथ्रानिलिक आम्लाच्याच कुळातील. पुदिन्यातील मेंथॉलपासून केलेला त्या आम्लाचा एस्टर उन्हापासून त्वचेचे रक्षण करणाऱ्या मलमांत घालतात. कुळात एक वाईट चालही आहे. या आम्लापासून मेथाक्वालोन हे गुंगीचे औषध होते व त्याचा गैरव्यापार झाला, म्हणून १९८८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात अँथ्रानिलिक आम्ल नियंत्रित द्रव्यांच्या यादीत आले. भारत त्या कराराचा सदस्य आहे. यास्तव रसायनांचा व्यापार करणाऱ्या आपल्या बंधूंनी आम्ल व एस्टर यांच्या नावांत गोंधळ करू नये, आणि खरेदीदार कोण आहे ते पाहूनच माल द्यावा.

धान्य व्यापारी म्हणून आम्हांस सर्वांत नवल वाटले ते पाखरांचे. पोपट हिरवी मिरची मिटक्या मारीत खातो, हे आपण लहानपणापासून पाहतो. मिरचीतील तिखट पाखरांस झोंबतच नाही. ते झोंबते आपणांस व इतर सस्तन प्राण्यांस. आमच्या एस्टराचे याच्या उलट आहे. आपणांस तो गोड द्राक्षासारखा लागतो आणि पाखरांच्या चोचीतील व नाकातील मज्जातंतूंस झोंबतो. अमेरिकेत केअर नावाच्या संशोधकास १९६१ मध्ये या गुणाचे पेटंट मिळाले. पुढे चेरी, ब्ल्यूबेरी यांसारख्या फळबागांत पाखरे हटविण्यासाठी तो फवारतात. पाखरू मरत नाही, ते उडून दुसरीकडे जाते. ज्यांच्या अंगणात रोज सकाळी पाखरांस दाणे पडतात त्या घरांस यातील विशेष सांगावयास नको.

आम्ही उत्साहाने विचारले की, आवारातील ज्वारीच्या राशींवर हा फवारावा काय? कन्येने साफ नाही म्हटले. वास धान्यास धरून बसेल आणि भाकरीस द्राक्षाची चव येईल. शिवाय तो उन्हाने बिघडतो, उडून जातो, पावसाने धुऊन जातो, म्हणून शेतात पुन्हापुन्हा फवारावा लागतो. कोवळ्या पानांस इजा होण्याचेही भय असते. तेव्हा ज्वारीच्या शेतात माळ्यावर बसलेल्या राखणदाराची गोफण व बुजगावणे अजून निकामी झालेली नाहीत आणि राशीवर ताडपत्री हाच उपाय बरा. बाटली हाताळताना डोळे जपावेत, ती गडद काचेची असावी, बूच घट्ट असावे व अंधारात ठेवावी, एवढे नियम तिने लिहून दिले. ते वखारीच्या भिंतीवर चिकटविले आहेत.

पुड्याचे पुढे काय झाले

हे सारे ऐकल्यावर पुतण्याने विचारले, “काका, रेणू एकच आहे तर ‘फुलांच्या अर्कापासून’ म्हटले म्हणून काय बिघडले?” प्रश्न चांगला होता. आम्ही त्यास धान्याच्या भाषेत उत्तर दिले. दोन शेतांतील गहू काट्यावर सारखा भरेल, दाणाही सारखा दिसेल. तरी सिहोरचा शरबती म्हणून आपण दुसरीकडचा गहू विकला तर गिऱ्हाइकाने ज्या गोष्टीचे पैसे दिले ती त्यास मिळाली नाही. नागपुरी संत्र्यास २०१४ साली भौगोलिक निर्देशन मिळाले ते याच न्यायाने : गावाच्या नावासही किंमत असते, आणि ती किंमत त्या गावच्या शेतकऱ्याची आहे. आम्ही पुड्यावर पांढुर्ण्याचे नाव घातले व पांढुर्ण्याच्या एकाही झाडास त्याचा पैसा दिला नाही.

खाद्यपदार्थांच्या बाबतीत कायद्याने हा भेद स्पष्ट केला आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ खालील नियमांत स्वादद्रव्यांचे नैसर्गिक, निसर्गसदृश व कृत्रिम असे तीन वर्ग केले आहेत, आणि मिसळलेल्या स्वादाचा प्रकार वेष्टनावर लिहावा लागतो. उदबत्ती खाद्य नव्हे, म्हणून तो नियम तिला लागू नाही. परंतु ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस मना करतो आणि जाहिरात या शब्दात वेष्टन व लेबल यांचाही समावेश करतो. कायदा नसता तरी टोपली होतीच.

त्या वेळी वखारीत आठशेच्या आसपास पुडे शिल्लक होते. घरात दोन मते झाली. एवढा माल विकून टाकावा व पुढील छपाईत सुधारणा करावी, असे एक मत. आम्ही तसे करू दिले नाही. घरातील सर्वांनी तीन संध्याकाळी बसून प्रत्येक पुड्यावर नवी चिठ्ठी चिकटविली : ‘संत्रा-बहर सुवास. सुगंधी द्रव्य कारखान्यात तयार केलेले आहे.’ दुकानदारांस पत्रे पाठविली व पूर्वीचा माल परत घेण्याची तयारी दाखविली. तिघांनी परत केला. त्या वर्षी विक्री उतरली. पुढे ती सावरली, तरी पूर्वीच्या आकड्यास अजून पोहोचलेली नाही. ही गोष्ट आम्ही मुद्दाम लिहितो, कारण खरे लिहिल्याने लगेच भरभराट होते असे सांगणे हेही एक खोटे लेबल होईल.

त्यानंतर आम्ही सौंसरला त्या बागायतदारांच्या घरी गेलो. बाटली सोबत नेली होती. सर्व हकीकत सांगितली, हिशेबही सांगितला, की एक टन फुलांमागे तेल किलोभर निघते, त्यासाठी ऊर्ध्वपातनाची भट्टी लागते व आम्ही त्यांची फुले घेत नव्हतो. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी बाटलीचे बूच काढून वास घेतला व म्हणाले, “वास तं बरोबर आहे, शेटजी. पन आमच्या बागेत पहाटे जो येते तो हा नोहे. त्यात आनखी काही आहे.” कन्येस हे सांगितले तेव्हा ती म्हणाली की, त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. फुलाच्या सुवासात अनेक घटक असतात, बाटलीत एकच होता.

त्यांची तूर यंदाही आमच्याकडेच आली. गळालेल्या फुलांचे काही करता येईल काय, हा विषय मात्र त्यांनी सोडलेला नाही. नागपूरला १९८५ पासून लिंबूवर्गीय फळांची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे; तेथे जाऊन विचारणा करावी असे आमचे ठरले आहे. पांढुर्णा व सौंसर हे दोन तालुके मिळून २०२३ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याच्या नावाने उद्या जे काही बाजारात जाईल ते त्या नावास साजेसे असावे, ही जबाबदारी सरकारइतकीच आपणा व्यापाऱ्यांचीही आहे.

व्यापारी बंधूंनो, आपल्यापैकी कित्येक सुगंधी द्रव्ये, सरबते, साबण, उदबत्ती यांच्या धंद्यात आहेत. त्यांस एवढीच विनंती की, पुरविणाऱ्याने बाटलीवर लिहिलेले नाव एकदा शांतपणे वाचावे, समजत नसेल तर घरातील शिकलेल्या मुलामुलींस विचारावे आणि मग आपल्या पुड्यावरील मजकूर त्याच्याशी ताडून पाहावा. आम्ही हे छपाईच्या आधी केले असते तर तीन संध्याकाळी चिठ्ठ्या चिकटवीत बसावे लागले नसते. येत्या माघात सौंसरच्या रस्त्याने जाणे झाले तर गाडीची काच खाली करून तो वास अवश्य घ्यावा. त्यातील एका रेणूचे नाव आता आपणांस ठाऊक आहे.